आतले चार खिळे

३ ऑगस्ट

प्रिय पान्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढताना कठडा धर, कुणी बघत नसतं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पाकीट तरी फोडशील. घरातलं घड्याळ, रेडिओ, शेजाऱ्यांचा पंखा, काहीही उघडून पाहिल्याशिवाय तुला चैन पडत नसे आणि हातात सदा तो पाना. अकरा वर्षांत तुझी ही खोड गेली असेल असं मला वाटत नाही.

मुद्द्यावर येते. तीन महिन्यांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेत एक मुलगी रुजू झाली. हुशार आहे, वेळेवर येते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दिसेल ते मोजत असते, म्हणून मी तिला मनातल्या मनात मोजपट्टी म्हणते. मी तिला काम दिलं होतं पडद्यावरची अक्षरं मोठी करण्याचं. आपल्या यंत्राला हॉस्पिटलात आता सगळे 'नकाशा' म्हणतात. सर्जनच्या हातातली सळई रोग्याच्या डोक्यात कुठवर पोचली ते पडद्यावरच्या स्कॅनवर दिसतं, गाडीत रस्ता दिसतो तसं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. तर त्या पडद्यावरची अक्षरं लहान आहेत अशी तक्रार होती. साधं काम, आठवड्याचं. ते तिने चार दिवसांत उरकलं, आणि मग उरलेल्या वेळात ही बाई काय करते, तर स्टोअरमधून जुनी प्लास्टिकची कवटी काढून आणते.

तूच बनवलेली ती कवटी. आत चार खिळे बसवलेली.

मी विचारलं, "हिचं काय काम आहे?" तर म्हणते, "सहज, मॅडम. सवय व्हावी म्हणून मोजून बघते." सहज! तीन महिन्यांची नवखी मुलगी सहज म्हणून अकरा वर्षांपूर्वीची कवटी उकरून काढते, यावर कुणाचा विश्वास बसेल? मी खोलीत शिरले की ती पडद्यावरची खिडकी बंद करते. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली जातात, ही जात नाही. परवा मी मुद्दाम चष्मा विसरल्याचं निमित्त करून वर आले, तर ही कॅमेऱ्याच्या स्टँडपाशी उकिडवी बसून फरशीवर खडूने गोल काढत होती, स्टँडच्या तिन्ही पायांभोवती.

पान्या, स्टँडच्या पायांभोवती खडूने गोल काढणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला आहे. स्टँड हलला तर लगेच दिसावं म्हणून तू काढायचास. एवढंच नाही. सळईचं टोक खिळ्यावर टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं, असं तीनदा करून मगच आकडा लिहायचा, हीसुद्धा तुझीच तऱ्हा. ती तिच्या हातात आली कुठून?

"कुणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"कुणी नाही, मॅडम. असं केलेलं बरं, असं वाटलं."

ताकास तूर लावू देत नाही.

म्हणून तुलाच विचारते. तू शिकवतोस त्या तंत्रनिकेतनातून ती आली आहे का? तिच्या अर्जावर तसं नाही, पण अर्जावर काय, काहीही लिहिता येतं. तू तिला पाठवलंस का? मनात काही असेल तर सरळ मला लिही. त्या जुन्या प्रकरणाबद्दल मला काही बोलायचं नाही, ते समितीपुढे संपलेलं आहे. पण माझ्या पाठीमागे कुणाला तरी पेरून ठेवणं तुला शोभत नाही.

उलट टपाली उत्तर हवं. आईला नमस्कार सांग. मी रागावलेले आहे असं तिला सांगू नकोस.

तुझी,
ताई

&nbsp;

२१ ऑगस्ट

प्रिय पान्या,

तुझं कार्ड मिळालं. 'मी कुणाला पाठवलेलं नाही. आईचा गुडघा बरा आहे.' अकरा वर्षांनंतर सख्ख्या बहिणीला दोन वाक्यं! मी कार्ड उलटून पाहिलं, मागे काही आहे का. मागे माझाच पत्ता होता.

तुझ्यावर विश्वास ठेवायची माझी इच्छा आहे, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. काय घडलं ते क्रमाने लिहिते, मग तूच सांग मी काय समजावं.

मागच्या बुधवारी मी मोजपट्टीचा खण उघडला. हो, तिच्या परवानगीशिवाय. नाक मुरडू नकोस, प्रयोगशाळा माझी आहे आणि खणाची दुसरी किल्ली माझ्याकडेच असते. आत काय असावं? तुझी वही. निळ्या पुठ्ठ्याची, पानापानावर 'ग्राह्य नाही' असा लाल शिक्का मारलेली. ती मी केव्हाच फाडून टाकली असेल असं तुला वाटत असणार. फाडली नव्हती. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात होती आणि आवराआवरीत स्टोअरला गेली. का ठेवली होती ते विचारू नकोस.

म्हणजे तुझ्या तऱ्हा तिने तुझ्या वहीतून उचलल्या. खडूचे गोल, तीनदा टेकवणं, सगळं तू पहिल्या पानावर चित्र काढून लिहिलेलं आहेस. इथवर तू निर्दोष, मान्य. पण वहीशेजारी तिची स्वतःची वही होती. डाव्या रकान्यात तुझे आकडे, उजव्या रकान्यात तिचे. तुझे चार पूर्णांक एक, तीन पूर्णांक आठ, चार पूर्णांक तीन. तिचे चार पूर्णांक शून्य, तीन पूर्णांक नऊ. ओळीमागून ओळ. यंत्राच्या पडद्यावर एक मिलिमीटर चूक दिसते, आणि ही पोरगी आत चार मिलिमीटर मोजते!

मी तिला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, खण उघडल्याबद्दल कांगावा करील. तिने तेवढंही केलं नाही. शांतपणे म्हणाली, "मॅडम, यांचे एकेचाळीस आकडे रद्द का केले होते?"

"स्टँडला धक्का लागत होता. अहवालात आहे."

"एकेचाळीस वेळा?"

आता ह्याला आगाऊपणा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी तिला सांगितलं, की तुझी नोकरी अक्षरं मोठी करायची आहे, आकडे मोठे करायची नाही. आणि त्याच दुपारी तिच्या बदलीचा कागद तयार केला. कॅथेटरच्या विभागात माणूस हवाच होता.

कागदावर मोठ्या सर्जनची सही लागते. तुला ते आठवत असतील, ऑपरेशन थिएटरमध्ये गुणगुणणारे. या महिनाअखेर ते निवृत्त होत आहेत. सही करता करता त्यांनी विचारलं, पोरीने काय घोटाळा केला? मी हसून सांगितलं, की तिच्या मते नकाशा आत गेल्यावर चार मिलिमीटर चुकतो. मला वाटलं, तेही हसतील. ते पेन हातात धरून म्हणाले, "हो, आत गेल्यावर जरा इकडेतिकडे असतंच की. मी तिथे पडद्याकडे बघतच नाही. हाताला विचारतो."

"हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि सही कुठे, इथेच ना?"

दहा वर्षं माझं यंत्र वापरतात, प्रत्येक परिषदेत माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात आणि म्हणे हाताला विचारतो. जाता जाता हात वर करायचे, पुढे काही झालं तर खापर माझ्या डोक्यावर, असा त्यांचा बेत असावा. मला तर आता असंही वाटतं की मोजपट्टीला वही त्यांनीच मिळवून दिली.

त्यांच्या जागी नवा सर्जन आला आहे. चुणचुणीत, हात हलका, वागायला नम्र. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, मी तर पडद्यावरून नजर काढतच नाही. तुमच्या एक मिलिमीटरवर माझा पूर्ण भरवसा आहे." दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हे ऐकून खूष झाले असते. पाच सप्टेंबरला त्याची पहिली मोठी शस्त्रक्रिया आहे. गाणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, डोळ्यामागच्या नसेला चिकटून गाठ. नस आणि गाठ यांच्यात जेमतेम दोन मिलिमीटर.

बदलीचा कागद माझ्या खणात आहे. सही झाली आहे, मी अजून पुढे पाठवलेला नाही. येत्या शनिवारी किंवा त्यापुढच्या शनिवारी, प्रयोगशाळा रिकामी असेल तेव्हा, मी स्वतः बसून मोजणार आहे. ती कुठे लबाडी करते ते मला शोधायचं आहे. एकदा सापडली, की मग कागद तिच्या हातात ठेवीन.

आईला विचार, माझी आठवण काढते का. नको, विचारू नकोस.

तुझी,
ताई

&nbsp;

६ सप्टेंबर

प्रिय पान्या,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच. मग तुला वाटलं तर दाखव.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी प्रयोगशाळेत गेले. दाराला आतून कडी लावली. स्टँडभोवती खडूचे गोल काढले, माझे मीच, आणि गुडघे मोडून घेतले. आईचं दुखणं आता मलाही लागलं आहे. आधी माझ्या पद्धतीने मोजलं. चूक एक मिलिमीटर. मग तुझ्या पद्धतीने मोजलं. तीन पूर्णांक नऊ.

मला वाटलं, पोरीने कवटीत काहीतरी केलं. स्टोअरमध्ये एक कवटी न उघडलेल्या खोक्यात होती, ती काढली. पुन्हा माझ्या पद्धतीने एक, तुझ्या पद्धतीने चार. मग वाटलं, सळई वाकवली असेल. नवी सळई घेतली. मग वाटलं, कॅमेरा. दुपारी तीनपर्यंत मी तिच्या लबाडीचा माग काढत होते आणि शंका घ्यायला खोलीत एकच माणूस उरला.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण हे मला माझ्या हाताने लिहायचं आहे. रोग्याच्या कपाळाला आणि गालांना आपण गोल टिकल्या चिकटवतो. त्या स्कॅनमध्ये दिसतात. मग सळईने एकेका टिकलीला स्पर्श केला, की यंत्र स्कॅन आणि डोकं एकमेकांवर बसवतं. सगळ्या टिकल्या पुढे, चेहऱ्यावर. तिथे सूतभर फरक राहिला तर आत खोलवर तो वाढतो. दार बिजागरीपाशी सूतभर कललं तर दुसऱ्या टोकाला बोटभर अडतं, तसं. तू फक्त टिकल्यांवर जुळवायचास आणि मग आत जाऊन खिळ्यावर चूक मोजायचास. मी काय केलं? जुळणी पक्की व्हावी म्हणून आतले चार खिळेही जुळवायच्या यादीत घातले. आणि मग त्याच चार खिळ्यांवर चूक मोजली. फळ्यावर सोडवून दाखवलेलीच गणितं परीक्षेत घालायची आणि वर्ग किती हुशार म्हणून मिरवायचं, असा तो प्रकार. रोग्याच्या डोक्यात आत खिळे नसतात, पान्या. तिथे नुसत्या टिकल्या असतात, आणि पडद्यावर दिसणारा एक मिलिमीटर हा टिकल्यांचाच असतो.

सोमवारी सकाळी मी नकाशाचा वापर थांबवा असं हॉस्पिटलला लेखी कळवलं. बदलीचा कागद फाडला. मोजपट्टीला बोलावून सांगितलं, तुझे आकडे बरोबर आहेत. ती रडायला लागली, मग मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही जेवलात का?" नव्या सर्जनचा चेहरा पडला. म्हणाला, "मग आता मी काय बघू?" मी म्हटलं, मोठ्यांना विचारा, हाताला विचारायचं कसं ते त्यांना ठाऊक आहे. मोठे सर्जन निवृत्तीनंतर तिसऱ्याच दिवशी परत आले, पुढच्या आठवड्यात गाणाऱ्या बाईंची शस्त्रक्रिया ते स्वतः करतील, यंत्राशिवाय. त्यांच्यावरही मी संशय घेतला होता. ते बिचारे खरंच मी विचारलं नाही म्हणून बोलले नव्हते.

बाईंना तारीख पुढे गेल्याचं मी स्वतः फोन करून सांगितलं. ते माझं काम नव्हतं, पण दुसऱ्या कुणी केलेलं मला चाललं नसतं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, आमच्या यंत्रात दोष सापडला आहे.

"माझ्याआधी किती जणांना लावलं होतं ते?"

"दोनशे बारा."

मग त्यांनी विचारलं, "आणि दोष कधी सापडला?"

"शनिवारी," मी म्हणाले.

फोन ठेवला. आतापर्यंत जे लिहायचं टाळत आले ते आता लिहिते.

दोष शनिवारी सापडला नाही. अकरा वर्षांपूर्वी, समितीकडे अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी, तू कॅन्टीनला गेला होतास. तुझ्या आकड्यांनी मी वैतागले होते. म्हणून एकदा तुझ्यासारखं करून पाहिलं, खिळे यादीतून काढून. तीन पूर्णांक नऊ आले. हाच आकडा, पान्या. मी तो कागदावर लिहिलासुद्धा. मग स्वतःला सांगितलं, स्टँडला धक्का लागला असणार. खोलीत मी एकटी होते. स्टँडला धक्का लागलेला नव्हता, तुझे खडूचे गोल माझ्या डोळ्यांसमोर होते आणि तिन्ही पाय गोलांच्या आत होते. मी कागद चुरगळून पिशवीत घातला, घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी अहवालात तुझ्या नावापुढे 'हलगर्जी' असं लिहिलं. समितीपुढे तोंडी तर त्याहून वाईट बोलले, की बहीण प्रमुख झाल्याचं तुला सहन होत नाही, म्हणून तू मुद्दाम आकडे बिघडवतोस. तू खाली मान घालून बसला होतास. तू भांडशील असं मला वाटलं होतं. तू भांडला असतास तर कदाचित मी खरं बोलले असते. हेही मी तुझ्याच माथी मारते आहे, बघ.

दोनशे बारा फायली आहेत. मी आणि मोजपट्टी रोज बारा बघतो. मोठे सर्जन हाताला विचारत होते म्हणून पुष्कळ माणसं वाचली. दोन फायलींवर आम्ही थांबलो आहोत, त्या दोन्ही शस्त्रक्रिया त्यांच्या हाताखालच्या सर्जननी केल्या होत्या. एकाची उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. तेव्हा आम्ही लिहिलं होतं, गाठ फार चिकटलेली होती. तो माणूस सुतार आहे. मी त्याला अजून फोन केलेला नाही, परवा जाणार आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. सतरा तारखेला चौकशी समिती बसणार आहे. अध्यक्षांनी कालच मला बाजूला घेऊन सांगितलं, "घाबरू नका. फक्त एकच प्रश्न असेल, तुम्हाला तेव्हा याची कल्पना होती का. नाही म्हणालात, की ती अजाणता झालेली चूक ठरते. शास्त्रात अशा चुका होतात." फार सज्जन माणूस आहे. आणि तो कागद केव्हाच कचऱ्यात गेलेला आहे, दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. नाही म्हणणं किती सोपं आहे, ते तुला कळलं ना?

मी 'हो' म्हणायचं ठरवलं आहे. पण मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, आणि ज्या एका बाईवर घ्यायला हवा होता तिला मी चांगली ओळखते. सतरा तारखेला टेबलाच्या त्या बाजूला पाच माणसं बसलेली असतील, माझ्यापुढे पाण्याचा पेला असेल, आणि मला तिची अजिबात खात्री नाही. म्हणून हे पत्र नोंदणी करून पाठवते आहे, पोचपावतीसह. दहा तारखेपर्यंत ते तुझ्या हातात असेल. समितीचा पत्ता पाकिटाच्या आत आहे. बैठकीचा वृत्तांत जाहीर होतो. तो वाच. त्यात माझं उत्तर 'नाही' असं असेल तर हे पत्र त्यांना पाठव. पाठवताना बहीण आहे हे मनात आणू नकोस. मी आणलं नव्हतं.

सही पूर्ण केली आहे, ताई म्हणून नाही. अहवालाखाली केली होती तीच, जुळवून बघता यावी म्हणून.

तुझे एकेचाळीस आकडे खरे होते, हे तेव्हाही जिला ठाऊक होतं ती,

तुझी थोरली बहीण,
प्रमुख अभियंता, प्रतिमा-मार्गदर्शित शस्त्रक्रिया विभाग
(सही)